चार शेपट्या, चार ठिगळं

तुमच्या घरात एखादी जुनी सोलापुरी चादर असेल तर ती एकदा उलगडून बघा. गडद निळी जमीन, दोन्ही टोकांना समोरासमोर बसलेली पक्ष्यांची एकेक जोडी. पक्षी वरून हिरवा, मधे पिवळा, बुडाशी लाल, आणि मागून वीतभर शेपटी लोंबतेय. अशी असेल तर ती नक्षी माझी आहे. दुकानदार तिला ‘लंबी शेपटी’ म्हणायचे. माझ्या अख्ख्या नोकरीत तिच्याइतकी दुसरी कुठलीच नक्षी खपली नाही.

त्या पक्ष्याला खरं तर शेपटी नसते. म्हणजे असते, पण अंगठ्याएवढी. हे मला ज्या बाईने आधीच सांगितलं होतं तिचं मी ऐकलं नाही, आणि ते कळायला पुढे सत्तावीस वर्षं गेली. दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या कामातल्या गमती लिहा’ म्हणून कळवलंय. गमती सांगतोच, पण ही गोष्ट पोटात ठेवून नुसत्या गमती सांगणं मला जमायचं नाही.

मी मूळचा मंद्रूपचा. घरात कानडी, शाळेत मराठी आणि कारखान्यात तेलुगू, असं माझं बोलणं तीन ठिकाणी वाटलं गेलंय. हात चित्राला बरा होता म्हणून चादरीच्या कारखान्यात चिकटलो आणि अडतीस वर्षांनी डिझाईन मास्तर म्हणून बाहेर पडलो. मास्तर म्हटलं की लोक विचारतात, कुठल्या शाळेत? आमची शाळा म्हणजे एक उंच टेबल, चौकटींचा कागद आणि रंगीत पेन्सिली.

पुष्कळांना वाटतं चादरीवरचं फूल छापलेलं असतं. ते छापलेलं नसतं, विणलेलं असतं. आधी मी चौकटींच्या कागदावर चित्र काढायचं, एकेक चौकट भरत. मग कागदावरच्या प्रत्येक आडव्या ओळीसाठी पुठ्ठ्याची एक पट्टी घ्यायची आणि जिथे नक्षीचा धागा उचलायचा तिथे भोक पाडायचं. अशा शेकड्यांनी पट्ट्या ओळीने ओवून त्यांची माळ मागाच्या डोक्यावर चढवायची. माळ फिरते, भोकं सापडतील तसे धागे उचलले जातात आणि खाली फूल उमलतं. एक जरी पट्टी मागेपुढे ओवली गेली तर मोराचा डोळा मानेवर येतो. माझ्या पहिल्या मोराचा आला होता. मालकांनी ती चादर कितीतरी वर्षं माझ्या टेबलावर अंथरून ठेवली होती.

रंगाचं दुखणं वेगळंच. एका ओळीत आम्हाला दोनच रंग मिळायचे, एक जमिनीचा आणि एक नक्षीचा. नक्षीचा रंग बदलायचा तर पुढच्या ओळीपासून. म्हणजे हिरव्या पोपटाची चोच लाल करायची तर चोचीच्या ओळीत येणारी मानसुद्धा लाल होणार. त्यामुळे आमच्या मागावर चोच लाल असलेला पोपट कधी निघाला नाही. गिऱ्हाईकाला हे समजावताना तोंडाला फेस यायचा. मोहोळच्या एका तालमीला वाघ हवा होता. मी काढलेल्या वाघाचे पट्टे आडवे आले आणि मिशा राहूनच गेल्या. वस्ताद बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, असू दे, बोका तर बोका, झोपायचंच तर आहे.

मंगळवेढ्याचे एक बागायतदार आले होते, त्यांना जोंधळ्याचं कणीस हवं होतं. मी काढून दाखवलं. त्यांनी कागद बाजूला सारला, पिशवीतून खरं कणीस काढून माझ्या टेबलावर आपटलं आणि म्हणाले, “आमचं कणीस गच्च भरल्यालं असतंय. ही झिपरी कुठली आणलीया?” मी तीन वेळा कागद बदलला. मोठं गिऱ्हाईक होतं, आवाज खणखणीत होता आणि समोर पुरावा पडलेला होता. त्या माणसाचं मी मुकाट ऐकलं, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचा संबंध आहे.

आमच्या कारखान्यात नरसम्मा नावाची बाई कांड्या भरायची. मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यात सुताची जी नळी बसवतात ती कांडी. एका माळ्यावर ओळीने चरखे, तिथे बायका दिवसभर रंगारंगाच्या कांड्या भरत बसायच्या. नरसम्मा तेव्हा पंचेचाळिशीची असेल. बोलणं कमी, हात भरभर. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. तिच्या पद्माचं लग्न ठरलं होतं, भिवंडीला. तिला लेकीसोबत एक चादर द्यायची होती आणि त्या चादरीवर एक पक्षी हवा होता.

कुठला, म्हणून विचारलं तर म्हणाली, पोन्नंगी पिट्टा.

मला तेलुगू येत होतं, पण हा पक्षी ठाऊक नव्हता. मागावरच्या लोकांना विचारलं तर ते हसले. पिट्टा म्हणजे पाखरूच की मास्तर, म्हणाले, त्यात काय एवढं. सगळे सोलापुरात जन्मलेले. त्यांच्या आज्या-पणज्यांनी तेलंगणातलं गाव सोडलेलं, त्यांना तिकडच्या रानातलं पाखरू कुठून माहीत असणार? नरसम्मा मात्र नऊ वर्षांची असताना आईबापांबरोबर करीमनगरकडच्या एका खेड्यातून इथे आली होती. तिने तो डोळ्यांनी बघितला होता.

तिने सांगितलं ते मला आजही शब्दन् शब्द आठवतंय. साळुंकीपेक्षा बारकी. पाठ हिरवी, पोट पिवळसर, बुडाखाली कुंकू सांडल्यावाणी लाल. पंखावर निळा तुकडा. डोळ्यावरून काजळाची रेघ पार मानेपर्यंत. झाडावर कमी, भुईवर जास्त, पाचोळा उकरत टुणटुण उड्या मारणार. जोडीनं न्हाई, एकलीच. मृगाच्या आधी येणार आणि दिवस मावळताना दोन सुरांत शीळ घालणार. “आन् शेपूट न्हाईच म्हटलं तरी चालंल,” असं म्हणून तिने अंगठ्याचं पेर दाखवलं.

मग तिने खरं कारण सांगितलं. ज्या दिवशी त्यांनी गाव सोडलं त्या दिवशी तो पक्षी अंगणामागे ओरडत होता. ही रडत होती. आई म्हणाली, रडू नको, हे पाखरू दर साली येतंच, पुढल्या साली ते यायच्या आत आपण माघारी येऊ. ते काही झालं नाही. आई इथेच गेली, गावात कुणी उरलं नाही.

“मला आता ती नीट आठवंना झालीया, मास्तर,” नरसम्मा म्हणाली. “डोळे मिटले की कधी निळं दिसतंय, कधी दिसत न्हाई. तुमी कागदावर धरा तिला. पद्मीला तरी म्हाईत असावी.”

मी धरतो म्हणालो. आणि मनातून एक अक्षरही खरं मानलं नाही.

नऊ वर्षांच्या पोरीने बघितलेलं, त्यात छत्तीस वर्षांची भर. इतके रंग एका पाखराच्या अंगावर कसे मावतील? आणि शेपटीवाचून पक्षी असतो का कुठे? मी सगळ्या रंगांचं चित्र आधी साध्या कागदावर रंगवलं. ते सुरेख झालं, असं माझं मीच म्हटलं. नंतर चौकटींवर घेताना निळा तुकडा गेला, काजळाची रेघ गेली, राहिले हिरवा, पिवळा, लाल असे तीन पट्टे. पक्ष्याच्या मागे मोठी मोकळी जागा पडली होती. मालक टेबलाशी आले, बघितलं आणि म्हणाले, मास्तर, हे पाखरू आहे का कोंबडीचं पिल्लू? याला शेपूट लावा. आमच्या धंद्यात नक्षीशिवाय पडलेल्या जमिनीला ‘थंड’ म्हणतात आणि थंड चादर कुणी घेत नाही. शिवाय मागाची बांधणीच अशी की अर्ध्या भागात काढलेलं उरलेल्या अर्ध्यात उलटं उमटतं, म्हणून चादरीवरचे पक्षी कायम जोडीने, तोंडाला तोंड देऊन बसलेले असतात. तेव्हा तिच्या एकट्या पाखराला मी जोडीदार दिला आणि वीतभर शेपटी दिली. मालकांनी सांगितलं म्हणून दिली असं म्हणायला मी मोकळा आहे, पण ते खोटं होईल. मला ती शेपटी आवडली होती. घरी आणून मूळ रंगीत चित्रालाही मी तशीच शेपटी जोडली आणि चौकट करून बाहेरच्या खोलीत लावलं.

पहिली चादर मागावरून उतरली ती मी स्वतः नरसम्माला नेऊन दिली. तिने ती मांडीवर पसरली, पक्ष्यावरून हात फिरवला. शेपटीपाशी हात थांबला.

“छान झालीया,” ती म्हणाली. मग म्हणाली, “ही कुणाची हाय, मास्तर?”

मी हसून म्हणालो, तुझीच की. तिने चादर मांडीवरून उचलली. घडी घातली, कांड्या भरायला बसली. कणसाच्या मालकाला मी तीन वेळा कागद बदलून दिला होता. हिने एकदा शब्द टाकला असता तर मी बदलला असता का, हे मला अजून ठरवता येत नाही. तिने टाकला नाही एवढं खरं.

‘लंबी शेपटी’ नंतर अमाप खपली. लग्नात, सत्कारात, पाहुण्यारावळ्यांच्या पिशवीत ती कुठे कुठे पोचली. मला दोनदा बक्षीस मिळालं. पुढे चादरीचे दिवस उतरले, टॉवेल आले, टेबलाच्या जागी संगणक आला. एका दुपारी माझ्या सगळ्या पट्ट्या रद्दीत गेल्या, मोराच्या, वाघाच्या, कणसाच्या. मी निवृत्त झालो. नरसम्मा त्याच्या कितीतरी आधी गुडघ्यांमुळे घरी बसली होती.

गेल्या वर्षी मे संपत आला होता. सकाळी मी पेपर वाचत होतो. माझी बायको महानंदा मागच्या अंगणात भांडी घासायला गेली ती तशीच राखेच्या हातांनी आत आली.

“अहो, तुमच्या चित्रातली चिमणी आलीया,” ती म्हणाली. “पण शेपूट तुटलंय बिचारीचं. मांजरानं धरलं असंल. हळद लावायची का?”

मी मागच्या दारात गेलो. कढीपत्त्याच्या झाडाखाली, वाळक्या पाचोळ्यात तो उभा होता. हिरवी पाठ. पिवळसर पोट. बुडाखाली कुंकू सांडल्यासारखं लाल. पंखावर निळा तुकडा आणि डोळ्यावरून मानेपर्यंत काजळाची रेघ. चोचीने त्याने एक पान उलटं केलं, टुणकन उडी मारली आणि मागचं अंगठ्याएवढं शेपूट वरखाली केलं. कुणी तोडलेलं नव्हतं. होतंच तेवढं. मी उंबऱ्यावर बसकण मारली. मला आनंद झाला नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. चोरी पकडली गेल्यावर जसं होतं तसं झालं.

शेजारी शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई राहतात. त्यांना बोलावून दाखवलं. त्या हरखल्या. म्हणाल्या, हा नवरंग. थंडीत दक्षिणेकडे असतो, पावसाच्या तोंडावर वर उत्तरेकडे जातो, वाटेत एखाद-दुसरा दिवस असा कुणाच्या तरी अंगणात उतरतो. तुमचं नशीब. मग त्यांनी आणखी एक सांगितलं. इंग्रजी पुस्तकांत आणि शास्त्रातही याला पिट्टा म्हणतात, जगभर, आणि तो शब्द तेलुगूतून गेलेला आहे. ज्या शब्दाला आम्ही सगळे मागाच्या खडखडाटात हसलो होतो तो जगाने केव्हाच उचलला होता.

मी पायात चपला सरकवल्या आणि शहराच्या पूर्वभागात नरसम्माचं घर शोधत निघालो. विचारत विचारत दुपारी पोचलो. दोन खोल्यांचं घर, दारात तिची सून विड्या वळत बसलेली. नरसम्मा आत पलंगावर होती. केस पार पांढरे, नजर मात्र जागच्या जागी. तिने मला लगेच ओळखलं. “या की मास्तर, बसा,” म्हणून ती पलंगावर सरकली, आणि मी बसता बसता थांबलो.

पलंगावर ‘लंबी शेपटी’ अंथरलेली होती. तीच, पहिली. धुऊन धुऊन मऊ झालेली, हिरवा विटलेला. पण चारही पक्ष्यांच्या शेपट्या दिसत नव्हत्या. प्रत्येक शेपटीवर गडद निळ्या कापडाचं लांबट ठिगळ होतं, बारीक टाक्यांनी शिवलेलं, चादरीच्या जमिनीत मिसळून गेलेलं. पक्षी अंगठ्याएवढ्या बुडाशी संपत होते.

मी त्या ठिगळावर बोट ठेवलं. तिच्या ते लक्षात आलं.

“पद्मीला दुसरी दिली, फुलाची,” ती म्हणाली. “ही ठिवली मी. रोज बघायची. बघून बघून माझी बी शेपटीवाली व्हायला लागली. डोळे मिटले की तुमचीच यायची, मास्तर. मग झाकली.”

तिच्या आवाजात राग नव्हता. रागावली असती तर बरं झालं असतं. मी तिला म्हणालो, नरसम्मा, तू म्हणालीस ते सगळं खरं होतं, मी आज बघितली. शेपूट एवढंच आहे. आणि मी अंगठ्याचं पेर दाखवलं. तिने माझा अंगठा हातात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मग म्हणाली, चला.

सून नको नको म्हणत होती. गुडघ्यांनी संडासापर्यंत जाववत नाही आणि ही निघाली पार शहराच्या दुसऱ्या टोकाला. रिक्षात तिला दोघांनी उचलून बसवलं. रिक्षा खड्ड्यातून गेली की ती डोळे मिटून घ्यायची. आमच्या मागच्या दारात महानंदाने खुर्ची टाकली, चहा आणला. आम्ही तिघं बसून राहिलो. ऊन भिंतीवरून वर सरकलं, दिवस मावळला. पक्षी आला नाही.

मी पुन्हा पुन्हा तेच बोलत होतो, सकाळी होता, इथेच होता. नरसम्माने वाकून कढीपत्त्याखाली बघितलं. पाचोळा जागोजाग उकरलेला होता, खालची ओली माती वर आली होती. “आलती की,” ती म्हणाली. “तिला पुढं जायचं असतंय. थांबून कसं चालंल?”

परत निघताना मी तिला म्हणालो, मी नवीन कागद काढतो. एका जुन्या सोबत्याकडे अजून एक माग आहे, पट्ट्या मी हाताने पाडीन. एकटा पक्षी, शेपटीवाचून, निळ्या तुकड्यासकट, काय वाटेल ती खटपट करीन. माझी भरपाई ठरली होती, फक्त तिने हो म्हणायचं होतं.

“नको,” ती म्हणाली. “तुमी काढली की परत तुमचीच व्हईल ती.”

अडतीस वर्षांच्या कामाबद्दल माझं इतकं खरं माप दुसऱ्या कुणी काढलेलं नाही. मी तिला फोन नंबर देऊन ठेवला, पुन्हा आली तर कळवीन म्हणालो. घरी येऊन भिंतीवरचं चित्र उतरवलं. आणि कढीपत्त्याखालचा पाचोळा तेवढा झाडायचा नाही असं महानंदाला सांगितलं. ती वर्षभर कुरकुरली, पण तिने तो कोपरा सोडून झाडलं.

यंदाच्या मेमध्ये मी रोज सकाळ-संध्याकाळ मागच्या दारात बसत होतो. आठवड्यातून एकदा नरसम्माच्या सुनेच्या मोबाईलवरून फोन यायचा. आली का? मी म्हणायचो, अजून नाही. ती बरं म्हणायची. महिना संपत आला तसा तिचा आवाज बारीक होत गेला. सून म्हणाली, आता पलंगावरून उठतच नाहीत.

मग एका संध्याकाळी, दिवे लागायच्या जरा आधी, कढीपत्त्याखालून शीळ आली. दोन सूर, पहिला लांब, दुसरा उतरता. मी उठलोसुद्धा नाही, बसल्या जागी फोन लावला. नरसम्मा, आली, असं हळूच म्हणालो. मग ती म्हणाली, “फोन तिच्याकडं धरा.”

मी हात लांब करून मोबाईल झाडाकडे धरला. पाचोळा खसपसला. शीळ आली, थांबली, पुन्हा आली. महानंदा दारात पदर धरून उभी होती. किती वेळ गेला कुणास ठाऊक, माझा हात भरून आला तरी मी तो खाली केला नाही. अंधारून आलं तसा पक्षी गप्प झाला. मी फोन कानाला लावला. नरसम्मा होती, तिचा श्वास ऐकू येत होता. ऐकलंस का, मी विचारलं.

“ऐकलं,” ती म्हणाली. “अम्मा खोटं बोलली न्हाई, मास्तर. ती दर साली येतच हुती. आमीच माघारी गेलो न्हाई.”